जुन्या पिनबॉल मशीनचे बल्ब-होल्डर: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती साधारण १९५० ते १९९० या काळातल्या मशीनसाठी आहे. गॉटलिब, बॅली, विल्यम्स अशा शिकागोच्या कंपन्यांची जी मशीनं लोकांच्या दिवाणखान्यात, गच्चीवरच्या खोलीत किंवा क्लबच्या कोपऱ्यात उभी असतात, ती. कॅटलॉगमध्ये ज्याला सॉकेट म्हणतात त्याला आपल्याकडे दुकानात होल्डर म्हणतात, म्हणून इथेही होल्डरच.

नवा बल्ब टाकला तरी लागत नाही. होल्डर गेलाय हे कसं ओळखायचं?

आधी नव्या बल्बवरचा विश्वास बाजूला ठेवा. मशीनमध्ये जो बल्ब आत्ता लागलेला आहे तोच काढून संशयित होल्डरमध्ये बसवा. तोही लागला नाही, तर मशीन चालू ठेवून लाकडी पेन्सिलीच्या टोकाने बल्ब हलवून बघा. खाली दाबल्यावर लागला, तर मधल्या टिकलीखालची स्प्रिंग ढिली पडली आहे. आडवा ढकलल्यावर लागला, तर होल्डरची नळी आणि होल्डर मशीनला बसवायची पत्र्याची पट्टी यांचा सांधा गेला आहे. पट्टीला धक्का दिल्यावर लागला, तर बहुतेक वेळा मागच्या लगवरचं (वायर जोडायच्या पत्र्याच्या जिभेवरचं) सोल्डर तडकलेलं असतं. काहीही केलं तरी लागला नाही, तर मीटर (मल्टीमीटर) काढा.

पेन्सिल वापरायचं कारण साधं आहे. बल्बला ६.३ व्होल्ट मिळतात, त्यांचा झटका बसत नाही. पण दोन बोटांवर कॉइलचे लग असतात आणि तिथे २४ ते ५० व्होल्ट असू शकतात. सॉलिड स्टेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांवर चालणाऱ्या बॅलीच्या डिस्प्लेला तर १९० व्होल्टच्या आसपास जातात.

होल्डरमध्ये बिघडण्यासारखं आहे तरी काय?

एक होल्डर काढून हातात घ्या. पातळ पत्र्याची नळी, तिला बल्बच्या पिना अडकवायला दोन खाचा. नळीचा खालचा काठ वाकवून, दाबून पट्टीत पकडलेला. सोल्डर नाही, वेल्डिंग नाही, नुसता दाब. नळीच्या आत स्प्रिंगवर बसलेली फायबरची चकती, चकतीच्या मधोमध पितळी टिकली, आणि टिकलीपासून मागे निघालेला लग. म्हणजे एका बल्बसाठी करंट चार-पाच नुसत्या टेकलेल्या जागांमधून जातो. पत्र्यावरचा मुलामा चाळीस-पन्नास वर्षांत राखाडी पडतो, दाबलेल्या सांध्यात गंजाचा पापुद्रा शिरतो, आणि फ्लिपरच्या (चेंडू टोलवणाऱ्या पात्याच्या) प्रत्येक ठोक्याला तो सांधा किंचित हलतो. दिवा लुकलुकतो तो इथे.

पॉलिश पेपरने घासला, लागला, आणि पंधरा दिवसांत परत गेला. असं का?

कारण घासला तो नळीचा आतला भाग, आणि बिघाड होता दाबलेल्या सांध्यात, जिथे पेपर पोचतच नाही. घासताना होल्डर हलला, पापुद्रा तात्पुरता फुटला, दिवा लागला. घासून लागलेला होल्डर दुरुस्त झाला असं समजू नका.

तरी घासणं निरुपयोगी नाही. बल्बची बैठक आणि टिकली काळी पडली असेल तर ते करावंच लागतं. प्लग काढून, ४०० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून आत दोन-तीन वेळा फिरवा. पितळी तारांचा छोटा गोल ब्रश मिळाला तर अधिक चांगलं. स्टील वूल अजिबात नको: तिचे केस तुटून वायरिंगमध्ये पडतात आणि शॉर्ट करतात. गंज सोडवणारे तेलकट स्प्रेही नकोत. त्यांच्या थरावर धूळ चिकटून महिन्याभरात चिखल होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर चालेल, पण मशीन बंद करून, आणि पूर्ण उडून गेल्यावरच चालू करायचं.

नागपुरात तर हवा कोरडी, मग होल्डर इतके का गंजतात?

बाहेरची हवा कोरडी असते, खोलीतली नाही. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की घरोघरी डेझर्ट कूलर चालू होतो आणि मशीन बहुधा त्याच खोलीत असतं, कारण खेळणारी पोरंही तिथेच असतात. कूलरचा झोत म्हणजे ओली हवा, सोबत पाण्याचे बारीक तुषार. एप्रिलपासून जूनपर्यंत कूलर, त्यानंतर सप्टेंबरपर्यंत पाऊस. पत्र्याच्या होल्डरला सहा महिने ओलावा मिळतो.

त्यामुळे मशीन कूलरच्या समोर ठेवू नका, आणि कूलर खिडकीबाहेर असला तरी झोताची दिशा बदला. झाकायला प्लास्टिक नको, सुती चादर घ्या. प्लास्टिकखाली ओल कोंडते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सगळे दिवे लावून ठेवले तर बल्बच्या उष्णतेनेच आतला दमटपणा निघतो.

मीटरने नेमकं काय मोजायचं?

ओहम मोजून फारसं कळत नाही. मीटर अगदी थोडा करंट सोडतो आणि गंजलेला सांधाही त्याला ‘चांगला’ वाटतो. बल्ब लागलेला असताना व्होल्टेज किती पडतं ते मोजा. मीटर एसी २० व्होल्टवर. एक टोक पट्टीच्या लगवर, दुसरं बल्बच्या पितळी अंगावर. चांगल्या होल्डरवर ०.१ व्होल्टच्या आत येतं. मग तसंच मधला लग आणि बल्बच्या बुडाची टिकली. तिथे पोचणं अवघड असतं, म्हणून बाकीची वजाबाकी करा: दोन्ही लगांमध्ये ६.३ आणि बल्बवर ५.७ पडत असतील तर ०.६ होल्डरने खाल्ले.

०.६ ऐकायला किरकोळ वाटतं. पण तापतारेच्या (फिलामेंटच्या) बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की प्रकाश साधारण तीस टक्के जातो. ‘मशीन जुनं झालं, मंद दिसतं’ असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेकदा बल्ब ठीक असतात.

दोन्ही लगांमध्येच कमी येत असेल तर होल्डरला दोष देऊ नका. बोर्डाखालून (ज्यावर चेंडू फिरतो त्या फळीखालून) जाणाऱ्या उघड्या तारेचा कुठलातरी सांधा तडकलेला आहे. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने एकेक होल्डर मोजत पुढे जा. जिथे आकडा एकदम पडतो त्याच्या अलीकडचा सांधा पुन्हा सोल्डर करा.

सगळेच दिवे गेलेत. एकेक होल्डर बदलायला घेऊ का?

नको. सगळे किंवा अख्खी ओळ एकदम गेली तर फ्युज, फ्युजची क्लिप, कनेक्टर किंवा जुन्या रिलेच्या मशीनमध्ये दिव्यांच्या वाटेतला रिले (विजेने चालणारा स्विच) बघा. फ्युजक्लिप हाताला कडक गरम लागत असेल तर तीच बदला. विल्यम्सच्या १९९० नंतरच्या डब्ल्यूपीसी मशीनमध्ये पॉवर ड्रायव्हर बोर्डावरचे जे-१२० आणि जे-१२१ हे कनेक्टर जळून तपकिरी होणं फार नेहमीचं आहे.

होल्डर दुरुस्त करावा की बदलावा?

स्प्रिंग जिवंत असेल, म्हणजे बल्ब दाबल्यावर ठसक्यात परत येत असेल, आणि फायबर जळलेलं नसेल, तर सांध्यावर सोल्डरचा पूल टाकून तो वर्षानुवर्षं चालतो. स्प्रिंग मेली, फायबर कोळसा झालं, खाच फाटली किंवा लग फिरतोय, तर बदला. सुट्या भागांसाठी परदेशातून पार्सल मागवावं लागत असल्याने आधी पूल टाकून बघणं शहाणपणाचं आहे. पण बंपरमधला (चेंडू आदळताच त्याला उडवणाऱ्या गोल खांबातला) आणि बोर्डाच्या अडचणीच्या जागेतला होल्डर एकदा उघडला की बदलूनच टाका. तिथे परत हात घालायची हौस कोणाला नसते.

सोल्डरचा पूल कसा टाकायचा?

६० वॅटचं आयर्न, रुंद चपटं बिट, ६०/४० चं रेझिनवालं १ मिमी सोल्डर आणि रेझिन फ्लक्स. २५ वॅटच्या आयर्नने हे काम होत नाही: पत्रा उष्णता ओढून घेतो, तुम्ही अर्धा मिनिट टेकवून बसता आणि तोवर फायबर करपतं.

प्लग काढा, बल्ब काढा. नळी आणि पट्टी जिथे भेटतात तिथे बारीक कानसने तीन-चार मिमी जागा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. घासताना उडणारी पूड नाकात जाऊ देऊ नका, जुन्या मुलाम्यात कॅडमियम असू शकतं. फ्लक्स लावा, दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळं सोल्डर धरू द्या, मग मधे थेंब सोडून जोडा. प्रत्येक वेळी तीन-चार सेकंदांच्या वर आयर्न नको. सोल्डर गोळी होऊन घरंगळत असेल तर पत्रा अजून घासलेला नाही. तरीही धरलंच नाही, तर लगपासून नळीपर्यंत इंचभर तारेचा तुकडा जोडा.

मधली टिकली मागच्या लगला रिव्हेटने पक्की असेल तर रिव्हेटवरही एक टिंब द्या. टिकली स्प्रिंगवर वर-खाली हलणारी असेल तर तिथे सोल्डर लावू नका, ती जाम होते. पत्र्याची भांडी झाळायचं ॲसिड फ्लक्स पत्र्यावर पटकन धरतं हे खरं, पण ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांधा खाऊन टाकतं.

होल्डर बदलायची पद्धत?

प्लग भिंतीतून काढा. नुसतं मशीनचं बटण बंद केलं तरी बटणापर्यंतची वायर जिवंतच असते. चेंडू बाहेर काढा, नाहीतर बोर्ड उचलताना ते काचेसारख्या वरच्या पृष्ठभागावरून गडगडत मागच्या पेटीवर आदळतात. बोर्ड उचलून टेकवला की खाली जुनी चादर पसरा. इलेक्ट्रोमेकॅनिकल, म्हणजे रिलेवर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये तळाशीच रिलेची फळी असते आणि सोल्डरचा ओघळलेला थेंब नेमका तिच्या पात्यांत पडतो.

फोटो काढा, कुठल्या लगवर कोणत्या रंगाची वायर आहे ते दिसेल असा. वायर सोडवा. स्टेपलने ठोकलेला होल्डर असेल तर चपटा स्क्रूड्रायव्हर पट्टीखाली घालून हळूहळू दोन्ही बाजूंनी उचला. एकदम उपसलं तर प्लायवूडचा पापुद्रा सोबत येतो. नवा होल्डर स्टेपलऐवजी स्क्रूने बसवा. बोर्ड जेमतेम १३ मिमी जाडीचा असतो, तेव्हा स्क्रू ९ ते १० मिमीचा घ्या. अर्ध्या इंचाचा स्क्रू वर आला की वरचं चित्र गेलं, ते परत मिळत नाही.

घट्ट करण्याआधी बल्ब लावून बघा. तो रंगीत खिडकीच्या मधोमध आणि तिला न टेकता बसायला हवा. पट्टी पकडीने थोडी वाकवता येते. मग वायर जोडताना शेजारच्या होल्डरांची पद्धत पाळा: त्यांच्या नळ्या उघड्या सामाईक तारेला असतील तर याचीही नळी तिकडेच. एसीवर बल्बला उलटसुलट फरक पडत नाही, पण शेजारच्या दोन पट्ट्या उद्या एकमेकींना टेकल्या तर सारख्या जोडलेल्या असल्यास काही होत नाही, उलट असल्यास फ्युज जातो. बोर्ड खाली घेण्याआधी मशीन लावून दिवा बघा.

कोणता होल्डर मागवायचा?

नंबरावर जाऊ नका, जुना होल्डर मोजा. बल्ब पिनांचा आहे की सपाट काचेच्या बुडाचा, पट्टी लांब की आखूड, नळी पट्टीला उभी की काटकोनात, लग दोन की तीन, आणि स्क्रूचं भोक बल्बच्या मध्यापासून किती मिमीवर. या पाच गोष्टी आणि एक फोटो असला की चूक होत नाही. लागतात त्यापेक्षा चार-पाच जास्त मागवा, पार्सलचा खर्च तोच असतो.

४४ नंबरचा बल्ब घ्यायचा की ४७ नंबरचा?

४७. दोन्ही ६.३ व्होल्टचे, दोन्ही सारख्याच पिनांचे. ४४ ला ०.२५ अँपिअर लागतात, ४७ ला ०.१५. साध्या रोषणाईला (सतत लागलेल्या दिव्यांना) ४० बल्ब धरले तर १० अँपिअरऐवजी ६. कनेक्टर, फ्युजक्लिप आणि होल्डर तेवढेच थंड राहतात, वरच्या प्लास्टिकचे तुकडे वाकत नाहीत. प्रकाश कमी पडतो, पण होल्डर नीट असतील तर तेवढा चालून जातो. सपाट बुडाचा असेल तर ५५५.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) काय काय मिळेल?

सोल्डर, फ्लक्स, डायोड, रेझिस्टर, स्लीव्ह, मीटर हे सगळं मोदी नंबरच्या गल्ल्यांत मिळतं. स्क्रू, कानस, पितळी ब्रश इतवारीत. पिनबॉलच्या पट्टीचा होल्डर मात्र शोधत फिरू नका. बल्बच्या बाबतीत एक गफलत होते: मोटारीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ४ वॅटचा बल्ब त्याच खाचेत चपखल बसतो आणि लागतोही, पण अर्ध्या व्होल्टेजवर प्रकाश दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. मग लोक होल्डर बदलत बसतात. पॅनेलच्या इंडिकेटरचे ६ व्होल्टचे बल्ब मिळाले तर घ्या, पण अँपिअर किंवा वॅट बघून. १ वॅट म्हणजे ४७ च्या जवळपास, ३ वॅट म्हणजे होल्डर तापणार.

बंपरच्या आतला दिवा काही केल्या टिकत नाही.

तिथे प्रत्येक ठोका थेट बल्बला बसतो. होल्डरच्या दोन लांब तारा बंपरच्या अंगातून खाली बोर्डाच्या पोटात उतरतात आणि तुटतात बहुतेकदा दोन ठिकाणी: होल्डरच्या बुडाशी, किंवा खाली सोल्डरला लागून. वरची टोपी दोन स्क्रूंवर असते. ती काढा, खाली दोन्ही तारा सोडवा, त्यांना धरून ठेवणारी स्टेपल उचला आणि होल्डर वर ओढून घ्या. केवळ दिव्यासाठी अख्खा बंपर उकलायची गरज नसते. नव्याच्या तारा त्याच भोकांतून खाली घ्या, त्यांवर स्लीव्ह चढवा, कारण शेजारून बंपरची लोखंडी कडी आणि तिचे दांडे वर-खाली होत असतात. शेवटचे दोन-तीन इंच कडक तार नको, बारीक तारांची लवचीक वायर जोडा. टोपीखाली ४४ लावू नका, टोपी तडकते.

होल्डर बदलला आणि फ्युज उडायला लागला.

वाकलेला लग शेजारच्या पट्टीला टेकलाय किंवा वायरचा एखादा केस बाहेर आलाय, नव्वद टक्के हेच. फ्युजवर फ्युज जाळण्याऐवजी त्या ओळीतले सगळे बल्ब काढा आणि फ्युजच्या जागी क्लिपा लावून जुन्या मोपेडचा ६ व्होल्ट २५ किंवा ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब जोडा. शॉर्ट असेतोवर तो भगभगीत जळेल, पण वायर सुरक्षित राहील. आता एकेक होल्डर हलवा. ज्याला हात लावताच हेडलाइट विझतो तो गुन्हेगार. जास्त अँपिअरचा फ्युज घालून वेळ मारून नेऊ नका. मशीनवर छापलेलाच आकडा.

सॉलिड स्टेट मशीनमध्ये काही वेगळं असतं का?

साध्या रोषणाईला नाही, नियंत्रित दिव्यांना, म्हणजे खेळाप्रमाणे लागणाऱ्या-विझणाऱ्या दिव्यांना हो.

बॅलीच्या १९७७ नंतरच्या मशीनमध्ये नियंत्रित दिव्यांच्या एका बाजूला सामाईक पुरवठा असतो आणि दुसरी बाजू एससीआर (सर्किट बोर्डावरचा, स्विचसारखं काम करणारा भाग) ग्राउंड करतो. तपासायला त्या दिव्याची एससीआरकडची वायर क्लिपने ग्राउंडला लावा. दिवा लागला तर होल्डर ठीक, पुढे सर्किट बोर्ड बघा. पण होल्डरचे दोन लग स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवलेत तर त्याच क्षणी एससीआर जाईल.

विल्यम्समध्ये आठ आडव्या आणि आठ उभ्या रांगांचं जाळं असतं आणि प्रत्येक होल्डरवर १एन४००४ डायोड. होल्डर बदलताना डायोड उलटा लागला तर दिवा लागत नाही. डायोड शॉर्ट असेल तर एक दिवा लावताना नको ते दिवेही मंद पेटतात. डायोडवरचा रंगीत पट्टा कुठल्या लगकडे होता हे फोटोत बघा. जुना डायोड परत वापरू नका, त्याचे पाय आधीच एकदा वाकून थकलेले असतात. या जाळ्यात पट्टी सामाईक नसते, म्हणून कुठलीही पट्टी दुसरीला टेकता कामा नये.

दिव्याची वायर चालू मशीनमध्ये कॉइलच्या लगला टेकली तर दिव्यांचा सर्किट बोर्ड जातो. वायर सोडवणं-जोडणं मशीन चालू ठेवून करू नका.

एलईडी लावले तर होल्डरची कटकट संपेल का?

तापण्याची संपेल, सांध्याची नाही. एलईडी ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे व्होल्टेज पडणं कमी होतं, पण सैल होल्डरवर तो साध्या बल्बपेक्षा जास्त लुकलुकतो, कारण त्याच्यात तापून राहणारी तार नाही. एसीवर दोन्ही दिशांनी चालणारेच घ्या, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झवर फडफड स्पष्ट दिसते. बॅलीच्या एससीआरला एलईडीचा करंट अपुरा पडतो आणि तो थरथरतो. तिथे होल्डरच्या दोन लगांमध्ये ४७० ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला की शांत होतो. आणि रिलेच्या जुन्या मशीनमध्ये पांढरेफेक एलईडी लावू नका. ते चित्र पिवळसर प्रकाशासाठी रंगवलेलं असतं.

बल्ब महिन्या-दोन महिन्यांत उडतात.

रात्री उशिरा मीटर लावा. २३० च्या जागी २५० येत असतील तर ६.३ चे ६.८५ होतात आणि बल्बचं आयुष्य निम्म्याहून खाली येतं. स्टॅबिलायझर लावा. मशीन ११५ व्होल्टचं असेल तर किमान ५०० व्हीएचा स्टेपडाउन घ्या. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे ५० वर थोडा जास्त तापतो, म्हणून मागची जाळी भिंतीला चिकटवू नका. दोन पिनांची जुनी अमेरिकन केबल काढून तीन तारांची घाला आणि अर्थ ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला, नाण्याच्या दाराला आणि बाजूच्या धातूच्या पट्ट्यांना जोडा. ओल्या कूलरच्या खोलीत हे टाळण्यासारखं नाही.

स्क्रूचं भोक मोठं झालंय, होल्डर हलतो.

टूथपिकचे दोन-तीन तुकडे लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात घाला, वर आलेलं सपाट कापा, रात्रभर ठेवा. सकाळी बारीक ड्रिलने सात-आठ मिमी खोल नवं भोक पाडा. ड्रिलला आठ मिमीवर चिकटपट्टीचा वेढा मारून ठेवा, म्हणजे ती वरपर्यंत जाणार नाही.